जुन्या बागट्रॅक्टरचे सुटे भाग : काय शोधावे, काय घडवावे आणि काय घडवू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातील एका जुन्या बंगल्याच्या बागेत वापरात असलेला, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा ‘कब कॅडेट ७०’ हा छोटा बागट्रॅक्टर आपल्याकडे आला आहे. त्याचे इंजिन जाम आहे, स्टार्टर फिरत नाही, स्टिअरिंगमध्ये बराच ढिलेपणा आहे आणि मागचे टायर कुजले आहेत. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी केली असता ‘याचे काही मिळत नाही’ एवढेच उत्तर सगळीकडे मिळाले. भाग कुठून मिळवावेत आणि न मिळणारे भाग येथेच बनवून घेता येतील का, हे आपल्याला हवे आहे.

दुकानदारांचे उत्तर त्यांच्या जागी खरे आहे. १९६३ ते १९६५ या काळात अमेरिकेतील लुईव्हिल येथे तयार झालेल्या या यंत्राचे नाव घेऊन विचारले, तर येथील कोणत्याही कपाटातून काही निघणार नाही. परंतु ज्या कंपनीने हा ट्रॅक्टर विकला, तिने त्यातील पुष्कळसे भाग स्वतः बनवलेले नव्हते. इंजिन कोहलर कंपनीचे सात अश्वशक्तीचे के-१६१ आहे आणि स्टार्टर-जनरेटर डेल्को-रेमीचा आहे; बेअरिंग, ऑइल सील, पट्टा व टायर हे तर ठरलेल्या मापांत बाजारात मिळणारे भाग आहेत. म्हणून दुकानात ट्रॅक्टरचे नाव सांगू नका, भागाचे माप सांगा. या एका सवयीने आपली निम्म्याहून अधिक यादी बडोद्यातच निकाली निघेल, असे मी अनुभवावरून सांगतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे. बडोद्यातील विश्वामित्रीच्या कारखान्यात पूर्वी झेटर या चेक कंपनीच्या बनावटीचे हिंदुस्तान ट्रॅक्टर तयार होत असत, त्यामुळे या शहरात ट्रॅक्टरचे जाणते मिस्त्री आणि जुन्या भागांचे साठे आजही आढळतात, आणि आपल्याला कोणीतरी तिकडे पाठवील. त्या मिस्त्रींचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण त्यांचा हात गिअर आणि क्लचवर बसलेला असतो. परंतु त्या साठ्यांतील भाग आपल्या कामाचे नाहीत. झेटरचे यंत्र मेट्रिक मापांचे आणि आकाराने कितीतरी मोठे आहे, तर आपले यंत्र सर्वस्वी इंचाच्या मापांत बांधलेले आहे.

हा इंचाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण येथे होणारे बहुतेक नुकसान त्यातूनच होते. ट्रॅक्टरवरील बोल्टचे आटे अमेरिकन म्हणजे यूएनसी किंवा यूएनएफ पद्धतीचे आहेत. आपल्याकडील हार्डवेअरच्या दुकानात ‘तीन सुती बोल्ट द्या’ (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) म्हटले की बहुधा जुन्या ब्रिटिश बीएसडब्ल्यू आट्यांचा बोल्ट हाती येतो. अडीच सुती आणि तीन सुती मापांत या दोन्ही पद्धतींमध्ये प्रति इंच आट्यांची संख्या सारखीच, म्हणजे अनुक्रमे १८ आणि १६ आहे, त्यामुळे बोल्ट सहज बसतो. पण बीएसडब्ल्यूच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि यूएनसीचा ६० अंश असल्याने तो पूर्ण पृष्ठभागावर टेकत नाही आणि जोर आला की ढिला होतो. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या, मापात तर संख्याही वेगळी आहे : बीएसडब्ल्यूचे १२ आटे आणि यूएनसीचे १३. तेथे पाना लावून जबरदस्तीने बोल्ट घातला, तर ओतीव भागातील आटे कायमचे जातात. मेट्रिक एम-८ बोल्टही अडीच सुती छिद्रात एक-दोन फेरे जातो आणि मग अडकतो. आटे मोजण्याचा गेज स्वस्त असतो. तो खिशात ठेवा, आणि यूएनसी व यूएनएफ बोल्ट औद्योगिक फास्टनर विकणाऱ्या दुकानातून मागवा. तेथे ते मिळतात, कारण आयात केलेल्या कित्येक यंत्रांना आजही तेच लागतात.

बेअरिंगच्या बाबतीत काम सोपे आहे. बेअरिंगच्या कडीवर कोरलेला क्रमांक रॉकेलने पुसून वाचा. ६२०३ असेल तर आतील व्यास १७, बाहेरील ४० आणि जाडी १२ मिमी. ६२०५ असेल तर २५, ५२ आणि १५ मिमी. मग त्यावर कोणत्याही कंपनीचा शिक्का असो. निमुळत्या रोलर बेअरिंगमध्ये मात्र इंचाची मालिका येते. उदाहरणार्थ, पाऊण इंचाच्या, म्हणजे १९.०५ मिमीच्या, दंडावर एलएम ११९४९ ही आतील कडी आणि एलएम ११९१० ही बाहेरील वाटी लागते. तेथे ‘जवळपासचे’ म्हणून २० मिमीचे बेअरिंग घेऊन मध्ये पत्रा गुंडाळण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो स्वीकारू नका. ज्या शहरात मानेजासारख्या ठिकाणी बेअरिंगचा मोठा कारखाना आहे, तेथे इंचाच्या मालिकेचे बेअरिंग मागवून घेणे अवघड नाही. दुकानदाराकडे त्या क्षणी नसले, तर थोडे थांबावे.

ऑइल सीलचेही तसेच आहे. आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी ही तीन मापे घेऊन जावे. इंचातील नेमके सील न मिळाल्यास दंडाचे माप अचूक ठेवून, बाहेरील व्यासाने किंचित मोठे मेट्रिक सील घ्यावे आणि सील ज्यात बसते त्या घराचे भोक तेवढे बोअर करावे, किंवा लहान सील घेऊन बाहेरून पोलादी कडी बसवावी. दंडावर जुन्या सीलने खाच पाडली असेल, तर नवे सील त्याच जागी बसवून उपयोग नाही. ते एक-दोन मिमी आत-बाहेर सरकवून बसवावे. तेवढी जागा नसेल तर दंडावर पातळ स्लीव्ह चढवावी.

स्टार्टर-जनरेटरच्या पट्ट्याबाबत एक हिशेब लक्षात ठेवा. जुन्या अमेरिकन पट्ट्यावर ‘४एल ४३०’ असा क्रमांक असेल, तर त्याची बाहेरून लांबी ४३ इंच आहे. आपल्याकडे मिळणारा ‘ए’ छेदाचा पट्टा आतील लांबीने ओळखला जातो, आणि त्या छेदात बाहेरची लांबी आतल्यापेक्षा सुमारे दोन इंचांनी अधिक भरते. म्हणून ४एल ४३० ऐवजी ए-४१ मागावा. ए-४३ घेतलात, तर तो ताणूनही ढिलाच राहील.

टायरबद्दल आपण फार चिंतित दिसता, आणि नेमकी तीच बाब सर्वांत सुलभ आहे. या ट्रॅक्टरला मागे ६-१२ आणि पुढे ४.८०/४.००-८ मापाचे टायर येत असत; आपल्या टायरच्या बाजूवर हेच लिहिले आहे का ते पाहून घ्या. ६.००-१२ हे आपल्याकडील पॉवर टिलरचे चालू माप आहे आणि ४.००-८ हे ऑटोरिक्षाचे. मागच्या टायरची नक्षी मूळ टायरसारखी नसेल, परंतु दोन्ही एकाच बनावटीचे घेतल्यास चालण्यात काही फरक पडत नाही. रिमच्या आतील गंज मात्र काढल्याशिवाय ट्यूब घालू नये.

आता इंजिन. हे बाजूला व्हॉल्व्ह असलेले, हवेने थंड होणारे, एका सिलिंडरचे इंजिन आहे, आणि त्याचा माथा काढला की पिस्टन समोर दिसतो, व्हॉल्व्हची जोडणी वाटेत येत नाही. जाम सुटण्यासाठी पिस्टनवर डिझेल व गिअरबॉक्सचे पातळ तेल सम प्रमाणात ओतून काही दिवस राहू द्यावे आणि नंतर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने हलवून पाहावे. लोखंडी हातोडा पिस्टनला लावू नये. पिस्टन निघाल्यावर सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजावा. हे मोजमाप का महत्त्वाचे, तर के-१६१ या एकाच नावाखाली कोहलरने दोन वेगवेगळ्या व्यासांची इंजिने बनवली : आरंभीची २ ७/८ इंचाची, म्हणजे ७३ मिमीची, आणि नंतरची २ १५/१६ इंचाची, म्हणजे ७४.६ मिमीची. केवळ नाव पाहून पिस्टन मागवणाऱ्याच्या हाती चुकीचा पिस्टन पडण्याची शक्यता पूर्ण असते.

सिलिंडर थोडाच झिजला असेल, तर १०, २० किंवा ३० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठ्या मापाचा पिस्टन व कड्या अमेरिकेतील विक्रेत्यांकडून अजूनही मिळतात, आणि माझ्या मते त्या मागवाव्यात. येथे एक मोह होतो, त्यापासून सावध करतो. राजकोटमध्ये डिझेल इंजिनांचे पिस्टन आणि लायनर मोठ्या प्रमाणावर तयार होतात, आणि ७५ मिमीच्या आसपासचा एखादा पिस्टन ‘बसेल’ म्हणून कोणीही दाखवील. डिझेलचा पिस्टन जड असतो, त्याच्या पिनपासून माथ्यापर्यंतची उंची वेगळी असते आणि माथ्याचा आकारही वेगळा असतो. एका सिलिंडरच्या इंजिनात हे अधिक वजन थेट थरथरीत आणि कनेक्टिंग रॉडवरील ताणात उतरते. राजकोटचा खरा उपयोग लायनरसाठी, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायच्या नळीसाठी, आहे. सिलिंडर शेवटच्या मापापलीकडे गेला असेल, तर तेथून अर्धवट घडवलेली ओतीव लोखंडाची लायनर आणून, सिलिंडर बोअर करून ती दाबून बसवावी आणि पुन्हा मूळ मापाला बोअर व होन (घासून गुळगुळीत) करावी. असे केल्यास मूळ मापाचा पिस्टन वापरता येतो आणि पुढच्या पिढीसाठी दुरुस्तीची संधीही शिल्लक राहते.

कनेक्टिंग रॉडबद्दल माझे मत ठाम आहे. या इंजिनातील रॉड ॲल्युमिनियमचा असून त्यात वेगळे बेअरिंग नाही. रॉड स्वतःच क्रँकपिनवर फिरतो. पिन झिजली असेल तर ती १० थाऊने ग्राइंड करून, तितक्याच कमी मापाचा तयार रॉड विकत घ्यावा. स्थानिक ओतशाळेत जुन्या रॉडवरून नवा रॉड ओतून घेण्याची सूचना आपल्याला होईल, आणि तो दिसायला चांगलाही निघेल. परंतु साध्या वाळूच्या साच्यातील ओतीव ॲल्युमिनियममध्ये आतील पोकळी बाहेरून दिसत नाही, आणि हे इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांपर्यंत चालते. तुटलेला रॉड इंजिनाचे घर फोडून बाहेर येतो. हाच नियम फ्लायव्हीलला लावा : चावीच्या खाचेपाशी तडा गेलेला फ्लायव्हील वेल्ड करून वापरू नये, दुसरा मिळेपर्यंत ट्रॅक्टर उभा राहू द्यावा. पिस्टन, कड्या, रॉड, व्हॉल्व्ह आणि गॅस्केटचा संच एवढ्या गोष्टी मोजमाप पूर्ण झाल्यावर एकाच पार्सलमध्ये मागवाव्यात, कारण कुरिअर आणि सीमाशुल्काचा खर्च प्रत्येक पार्सलमागे नव्याने बसतो. बाकीचे गॅस्केट, म्हणजे क्रँककेसच्या झाकणाचे, कार्ब्युरेटरचे आणि व्हॉल्व्हच्या झाकणाचे, येथील ऑइल-जॉइंटिंग कागदातून कापता येतात. फक्त जुन्या गॅस्केटची जाडी मोजून त्याच जाडीचा कागद घ्यावा.

प्रज्वलनाचे भाग येथेच मिळतात. ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटचे अंतर २० थाऊ, म्हणजे अर्धा मिमी ठेवावे. कंडेन्सरसाठी कोहलरचे नाव शोधण्याची गरज नाही, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा, जुन्या पेट्रोल गाड्यांना लागणारा कंडेन्सर उत्तम काम देतो. फ्लायव्हीलवर ‘एस’ अक्षराची खूण आहे, ती पिस्टन शिखरबिंदूला पोहोचण्यापूर्वी २० अंशांवर येते, आणि त्याच क्षणी पॉइंट उघडले पाहिजेत.

स्टार्टर-जनरेटर हा या यंत्रातील सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. एकच यंत्र पट्ट्याने इंजिन फिरवते आणि नंतर त्याच पट्ट्यावरून फिरून बॅटरी भरते. तो नवा शोधत बसू नका; आर्मेचर गुंडाळणाऱ्या चांगल्या कारागिराकडे न्या. कम्युटेटर लेथवर हलकासा साफ करून घ्यावा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक पृष्ठभागाच्या किंचित खाली कापावे, नाहीतर ब्रश उड्या मारतात. कार्बन ब्रश मोठ्या ठोकळ्यातून घासून बनवता येतात, पण ते तांबेमिश्रित जातीचे असावेत; साधा कार्बन सुरू करतानाचा मोठा प्रवाह सोसत नाही. एका टोकाला पितळी बुश असतो, तो तेल मुरवलेल्या छिद्रमय ब्राँझचा घ्यावा. जोडणी झाल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, रेग्युलेटरच्या (बॅटरीचे चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या पेटीच्या) बॅटरी आणि जनरेटर या दोन टोकांना क्षणभर तार टेकवून ध्रुवता पक्की करावी. ही पायरी वगळल्यामुळे ‘दुरुस्त होऊनही चार्ज करत नाही’ अशी तक्रार वारंवार येते.

कार्ब्युरेटरमध्ये झिजतो तो थ्रॉटलचा दंड आणि त्याचे भोक. भोक मोठे करून ब्राँझचा बुश बसवावा आणि दंड नवा वळून घ्यावा. पितळी जेट किंवा स्क्रू हरवला असेल, तर जामनगरच्या पितळी भागांच्या कारागिरांकडे अशा सूक्ष्म कामाची सवय आहे. आजचे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे आहे हे विसरू नये. साठ वर्षांपूर्वीचे रबर आणि कॉर्क त्याच्यासाठी बनलेले नव्हते. इंधनाची नळी इथेनॉल सोसणारी घ्यावी, कार्ब्युरेटरच्या सुईचे टोक व्हिटॉन या इंधन सोसणाऱ्या रबराचे असावे, आणि ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

आता जे खरोखर घडवावे लागेल त्याकडे येतो. आपल्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग कॅम-आणि-लिव्हर पद्धतीचे आहे. लिव्हरच्या टोकाची खुंटी कॅमच्या खाचेत फिरून एका बाजूने झिजते. प्रथम तिचा स्क्रू आवळून पाहा. तेवढ्याने भागले नाही, तर ईएन-२४ या मिश्र पोलादातून नवी खुंटी वळून, तिला हार्डनिंग करून आणि टोक ग्राइंड करून बसवावी. परंतु ढिलेपणाचा मोठा वाटा बहुधा स्टिअरिंगच्या पेटीत नसतोच. तो पुढील ॲक्सलच्या मधल्या पिनमध्ये, चाकांच्या उभ्या पिनांमध्ये आणि बॉल जॉइंटमध्ये विभागलेला असतो. ती छिद्रे अंडाकृती झालेली असतात. ती गोल बोअर करून फॉस्फर ब्राँझचे बुश दाबून बसवणे हे मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही चांगल्या टर्नरचे एका दिवसाचे काम आहे. बोअर करताना दोन्ही बाजूंची छिद्रे एकाच सेटिंगमध्ये व्हावीत, एवढा आग्रह धरावा.

गिअरबॉक्स तीन वेगांचा असून मूळच्या फार्मॉल कब या शेतीच्या ट्रॅक्टरवरून आलेला आहे, त्यामुळे तो बागेच्या कामासाठी आवश्यक त्याहून दणकट आहे. शक्यतो त्याला हात लावू नये. तरीही दात तुटलेला आढळलाच, तर नवा गिअर कापून घेण्यापूर्वी पुढील गोष्ट पक्की समजून घ्या. अमेरिकन गिअर डायमेट्रल पिचमध्ये (व्यासाच्या प्रत्येक इंचामागे किती दात) मोजतात, आपल्याकडील हॉबिंगवाले, म्हणजे हॉब या हत्याराने दात कापणारे, मॉड्यूलमध्ये (प्रत्येक दातामागे व्यासाचे किती मिमी). ३० दातांच्या, १० पिचच्या गिअरचा बाहेरील व्यास ८१.२८ मिमी येतो, आणि मॉड्यूल २.५ च्या तितक्याच दातांच्या गिअरचा ८० मिमी. फरक सव्वा मिमीचा आहे, आणि ‘झीज असेल’ असे समजून कित्येकदा मॉड्यूल २.५ चा हॉब लावला जातो. तो गिअर हाताने फिरतो, पण भार आल्यावर आवाज करतो आणि लवकरच दोघांचेही दात खातो. १० पिच म्हणजे मॉड्यूल २.५४, तो हॉब नसेल, तर वायर-कटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणाऱ्या यंत्रावर) अचूक आकार कापून घेता येतो. दाताचा कोन साडेचौदा अंशांचा आहे की वीस, हेही जुना गिअर देऊन तपासून घ्यावे. पोलाद केस-हार्डनिंगचे, म्हणजे २० एमएनसीआर ५ किंवा ईएन-३५३ घ्यावे आणि पृष्ठभागाची कठीणता ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल मापाने) मागावी. ईएन-८ स्वस्त आणि हाताशी असते. ते चाव्यांसाठी आणि साध्या दंडांसाठी ठीक आहे, गिअरच्या दातांसाठी नाही.

क्लचची चकती शोधण्याची गरज नाही. तिच्यावरील जुने अस्तर काढून, ब्रेक-लायनिंगच्या कारागिराकडून त्याच जाडीचे नवे अस्तर चिकटवून किंवा रिव्हेट करून घ्यावे. ड्राइव्ह-शाफ्टवरील स्प्रिंग पिना मात्र सर्व नव्या घालाव्यात. तेथे खिळा किंवा साधी सळई ठोकलेली आढळली, तर छिद्र मोठे झाले आहे असे समजून ते आधी तपासावे.

ओतीव लोखंडाचा एखादा ब्रॅकेट तुटला असेल, तर प्रथम तो पितळाने ब्रेझ करण्याचा विचार करावा. ओतीव लोखंडाला वेल्डिंगपेक्षा ते अधिक मानवते, आणि काम झाल्यावर भाग चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यावा. तुकडेच हरवले असतील आणि नवा ओतावा लागेल, तर तुटलेल्या भागालाच साच्यासाठी वापरण्याआधी त्याचे माप वाढवावे लागते. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणजे ३०० मिमी लांबीचा भाग ३ मिमी आखूड निघतो, आणि यंत्रकामासाठी लागणारे अधिक द्रव्य त्याहून वेगळे धरावे लागते. लाकडाचा नमुना करणारे कारागीर कमी होत चालले आहेत. त्याऐवजी संगणकावर आकसण्याचे प्रमाण धरून आराखडा करावा आणि थ्री-डी प्रिंटरवर नमुना छापून ओतशाळेला द्यावा, हा मार्ग मला आता अधिक भरवशाचा वाटतो.

बॉनेटच्या पत्र्याचे, रंगाचे आणि सीटचे काम कोणताही गाडीचा गॅरेजवाला करील. ते शेवटी करावे. त्याआधी काढलेला प्रत्येक भाग, मग तो कितीही मोडका असो, चिठ्ठी बांधून जपून ठेवा आणि नवा भाग प्रत्यक्ष बसून चालेपर्यंत भंगारात देऊ नका, कारण मोडक्या भागावरच मूळ माप लिहिलेले असते. आपण सिलिंडरची सहा मापे, क्रँकपिनचे माप आणि स्टिअरिंगच्या खुंटीचे छायाचित्र पाठवल्यास, कोणत्या मापाचा पिस्टन व रॉड मागवावा हे मी नेमके सांगू शकेन.